‘निघालोच!’ म्हणजे नेमकं कुठे? टॉवर आणि वैमानिकातली चुकामूक टाळण्याचा घरगुती सराव

सोलापुरात कुणालाही फोन करून विचारा, "कुठपर्यंत आलास?" उत्तर ठरलेलं असतं: "निघालोच!" हा माणूस सात रस्त्याच्या सिग्नलला उभा असू शकतो किंवा अजून टॉवेल गुंडाळून आरशासमोरही असू शकतो. आपल्याला सवय आहे, त्यामुळे आपण मनातल्या मनात वीस मिनिटं वाढवून धरतो आणि चहा टाकतो.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफच्या विमानतळावर एका वैमानिकाने असाच ‘निघालोच’ म्हटला आणि ५८३ माणसं गेली. त्याच्याकडे पुढे येतो.

९ जून २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून रविवारी माझ्याकडे येणाऱ्या पोरांची संख्या वाढली आहे. कुणाला वैमानिक व्हायचंय, कुणाला टॉवरमध्ये, म्हणजे विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्यांच्या खोलीत, बसायचंय. आईवडिलांचा पहिला प्रश्न एकच असतो: "इंग्रजी फाडफाड लागत असेल ना?" तसं काही लागत नाही. रेडिओवर लागणारी इंग्रजी दोनअडीचशे शब्दांत आटोपते. ऐकणं मात्र नव्याने शिकावं लागतं, कारण आपला कान समोरचा काय बोलला ते फार क्वचित ऐकतो. तो बहुतेक वेळा आपल्याला जे अपेक्षित असतं तेच ऐकतो. खालचा सगळा सराव या एका खोडीवरचा इलाज आहे. यासाठी क्लास लागत नाही. दोन माणसं, दोन खोल्या, दोन मोबाइल आणि एक वही एवढं पुरतं.

आधी एक सूचना. सराव म्हणून ऑनलाइन वॉकीटॉकी किंवा स्कॅनर मागवू नका. परवान्याशिवाय वायरलेस संच बाळगणं आपल्याकडे कायद्याच्या कचाट्यात नेणारं आहे, आणि याच क्षेत्रात नोकरी करायची असेल तर ती सुरुवात बरी नव्हे.

पहिली पायरी: एक शब्द, एक अर्थ

टेनेरिफला त्या दिवशी दाट धुकं होतं. शेजारच्या ग्रान कॅनेरिया विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे तिकडची विमानं इकडे वळवलेली, छोटा विमानतळ खचाखच भरलेला. केएलएम या डच कंपनीचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी वळून उभं होतं. त्याच धावपट्टीवर धुक्यात पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं ७४७ समोरून चालत येत होतं. टॉवरने केएलएमला उड्डाणानंतर कुठल्या मार्गाने जायचं ते सांगितलं. ही मार्गाची परवानगी होती, उड्डाणाची नव्हे. पण त्या वाक्यात ‘टेकऑफ’ हा शब्द होता. सहवैमानिकाने ती परवानगी परत वाचून दाखवली आणि शेवटी जोडलं: "वी आर नाऊ ॲट टेकऑफ."

याचा अर्थ काय घ्यायचा? टॉवरने घेतला: ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत.’ प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं. सहवैमानिक डच होता, आणि डच भाषेत ‘करतो आहे’ म्हणायची ढबच काहीशी अशी आहे, असं नंतर अनेकांनी सुचवलं. आपला ‘निघालोच’ त्याच जातीचा. टॉवर म्हणाला, "ओके," मग क्षणभर थांबून, "स्टँडबाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू." नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमनेही सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत. दोघे एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलले, म्हणून केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ एवढं स्वच्छ आलं आणि पुढे नुसती शिट्टी.

त्यानंतर जगभर नियम झाला. ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना, आणि तीच परत वाचताना उच्चारायचा. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. वैमानिक तयार असला तर "रेडी फॉर डिपार्चर" म्हणतो. पहिल्या आठवड्यात हीच एक सवय लावून घ्या, कारण रेडिओ परवान्याच्या परीक्षेत इथेच बरेचजण घसरतात.

मग बाकीचे शब्द. आपल्या ‘हां’ला किमान पाच अर्थ आहेत: ऐकलं, कळलं, पटलं, करतो, आणि ‘बोलत राहा, माझं लक्ष नाही’. रेडिओने या अर्थांची वाटणी केली आहे:

‘रॉजर’ म्हणजे तुमचा सगळा निरोप मिळाला. एवढंच. ‘हो’ नाही, ‘करतो’ तर नाहीच.
‘विल्को’ म्हणजे समजलं आणि तसं करतो.
‘अफर्म’ म्हणजे हो, ‘निगेटिव्ह’ म्हणजे नाही. लांबलचक ‘अफर्मेटिव्ह’ म्हणू नका. सुरुवात खरखरीत बुडाली तर शेपूट ‘निगेटिव्ह’सारखं ऐकू येतं.
‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा, मी बोलावतो. ही परवानगी नव्हे आणि नकारही नव्हे.
‘अनेबल’ म्हणजे जमणार नाही.
‘करेक्शन’ म्हणजे आत्ता चुकलो, बरोबर असं आहे.

"हेडिंग घेतलं का?" (हेडिंग म्हणजे विमानाची दिशा) असं विचारल्यावर पोरगं ‘रॉजर’ म्हणालं की मी तिथेच थांबवतो. सिनेमात शोभतं ते, इथे ते उत्तरच नव्हे.

दुसरी पायरी: आकडे मराठीत करू नका

ही पायरी मराठी माध्यमातल्या पोरांसाठी जास्त महत्त्वाची आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत ती तुम्हाला सापडणार नाही. मराठीत आपण एकक आधी बोलतो: पंचेचाळीस, म्हणजे आधी पाच, मग चाळीस. कानावर ‘फोर फाइव्ह’ पडतं, डोकं त्याचं ‘पंचेचाळीस’ करतं, आणि तोंडातून परत येताना ‘फाइव्ह फोर’ निघतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की नवीन पोरगं आलं की पहिल्या तासाला तेवढीच वाट बघतो. त्यात आपले त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी एकमेकांचे सख्खे भाऊ. एकोणसत्तर ऐकून एकोणऐंशी लिहिणारी माणसं तर घरोघरी आहेत.

उपाय असा. आठवडाभर मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, गॅसच्या पावतीचा नंबर, सगळं सुटं सुटं म्हणा. बासष्ट नाही, सहा दोन. मग तेच रेडिओच्या उच्चारात: तीनला ‘ट्री’, चारला ‘फोअर’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नाइनर’. हे उच्चार कुणाच्या लहरीने आलेले नाहीत. खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ हुबेहूब सारखे वाटतात, म्हणून दोघांची शेपटं वेगळी केली. ‘थ्री’मधला ‘थ’ जगातल्या निम्म्या लोकांना नीट जमत नाही, म्हणून ‘ट्री’.

दिशा, वेग, वारा, हवेचा दाब, ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड हे सुट्या अंकांत. उंची मात्र पूर्ण शेकड्यात असेल तर ‘थाउजंड’ आणि ‘हंड्रेड’ लावून: अडीच हजार फूट म्हणजे ‘टू थाउजंड फाइफ हंड्रेड’. का, ते १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ दिसलं. फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू ७४७ ला सांगितलं गेलं: "डिसेंड टू फोर झीरो झीरो." सांगणाऱ्याच्या मनात २४०० फूट होते. ऐकणाऱ्याने पहिला ‘टू’ हा अंक न मानता ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द मानला आणि उत्तर दिलं: "ओके, फोर झीरो झीरो." म्हणजे ४०० फूट. ही चूक टॉवरकडूनही सुटली. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले. म्हणून आकड्याआधी ‘अल्टिट्यूड’ किंवा ‘फ्लाइट लेव्हल’ (दोन्ही उंचीसाठीचेच) हा शब्द येऊ द्या. मध्ये तो पाचर मारून बसला की ‘टू’ची गल्लत होत नाही.

तिसरी पायरी: परत वाचणं

आपल्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव कधी उभं राहून ऐकलाय? शेवटची बोली झाली की आकडा पुन्हा मोठ्याने म्हटला जातो आणि लिहिणारा तोच आकडा तोंडाने म्हणत लिहितो. त्यात लिहिणारा बाराशेचे बावीसशे म्हणाला तर भोवतालची चार माणसं एकदम ओरडतात. रेडिओवरचं ‘रीडबॅक’ म्हणजे हेच, फक्त ओरडायला तिथे एकच माणूस असतो, आणि तो त्याच वेळी दुसऱ्या तीन विमानांचा विचार करत असतो.

काय परत वाचायचंच: मार्गाची परवानगी, धावपट्टीवर जाणं, उतरणं, उडणं, ओलांडणं, तिच्याआधी थांबणं, तिच्यावर उलटं चालत जाणं, कुठली धावपट्टी वापरात आहे, उंची, दिशा, वेग, हवेचा दाब म्हणजे क्यूएनएच (विमानातलं उंचीचं यंत्र याच आकड्यावर लावतात), आणि ट्रान्सपॉन्डरचा कोड. वारा परत वाचायची गरज नाही. सगळंच परत वाचत बसाल तर फ्रिक्वेन्सी अडते आणि दुसरा बिचारा ताटकळतो.

वहीवर असं करा. टॉवर झालेला मित्र विमानाचं नाव, VT-ABC, एकेका अक्षरासाठी ठरलेल्या शब्दांत घेऊन म्हणेल: "व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, टर्न लेफ्ट हेडिंग टू सेव्हन झीरो, डिसेंड टू अल्टिट्यूड फोअर थाउजंड फीट, क्यूएनएच वन झीरो झीरो एट." तुम्ही ऐकता ऐकता खरडायचं: डावा बाण २७०, खाली बाण ४, आणि १००८. मग कागदावरून वाचायचं, आठवणीतून नाही. शेवटी आपलं नाव: "लेफ्ट हेडिंग टू सेव्हन झीरो, डिसेंड टू अल्टिट्यूड फोअर थाउजंड फीट, क्यूएनएच वन झीरो झीरो एट, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली." नाव विसरलात तर सगळं फुकट. सारख्या नावाचं दुसरं विमान आकाशात असेल तर कुणी उत्तर दिलं हेच टॉवरला कळणार नाही.

क्यूएनएचचे चारही अंक लिहा, शेवटचे दोन लिहून भागवू नका. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर उतरणाऱ्या एका एअरबस ए-३२० ला टॉवरने १००१ च्या जागी १०११ सांगितलं. वैमानिकांनी ऐकलं तसं १०११ परत वाचलं. रीडबॅक अगदी बिनचूक, आकडाच चुकीचा! एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट, म्हणजे विमान त्यांना वाटत होतं त्यापेक्षा सुमारे २८० फूट खाली उतरत होतं, तेही ढगांतून. धावपट्टीच्या अलीकडेच ते जमिनीपासून ६ फुटांवर आलं आणि मग वर चढलं. थोडक्यात निभावलं. यातून घ्यायची सवय: आकडा हातात आला की दुसऱ्या ठिकाणाहून पडताळायचा, हवामानाच्या ध्वनिमुद्रित निरोपातून किंवा शेजारच्या विमानाला दिलेल्या आकड्यावरून. दहाचा फरक दिसला तर विचारायचं.

आणि बरोबर वाचलं म्हणजे बरोबर समजलं, असंही नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला सांगितलं होतं की धावपट्टीच्या अलीकडच्या थांब्यापर्यंत या, तुमचा नंबर पहिला. त्यांनी ते नीट परत वाचलं. मग विमान धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं, आणि मागून उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए-३५० त्यावर आदळलं. मोठ्या विमानातले ३७९ जण जिवंत बाहेर पडले, छोट्यातल्या सहांपैकी पाच गेले. आदल्याच दिवशी नोतोला भूकंप झाला होता, मदतीचं सामान घेऊन निघायची त्यांना घाई होती. ‘नंबर पहिला’ या दोन शब्दांत त्यांना जे हवं होतं ते ऐकू आलं. लग्नाच्या पंगतीत "पुढच्या पंगतीला तुम्ही पहिले" म्हटल्यावर जो माणूस तडक पाटावर जाऊन बसतो, तो दोषी आहे असं मला पूर्णपणे म्हणवत नाही. अशा वेळी गोड बातमी टाळून नुसतं ‘थांबा’ सांगावं, असं माझं मत.

चौथी पायरी: खोटं बोलायचा खेळ

हा सरावाचा गाभा. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसा, मोबाइल स्पीकरवर ठेवा, पंखा पाचवर, आणि शक्य असेल तर टीव्ही चालू. दिवसाला वीस मिनिटं पुष्कळ झाली. त्यापुढे कान थकतो. दोन्ही बाजूंनी ध्वनिमुद्रण करा.

पहिले तीन दिवस सरळ सूचना, सरळ रीडबॅक. चौथ्या दिवसापासून वैमानिक झालेल्याने मधूनच मुद्दाम एक अंक चुकवून परत वाचायचं, आणि टॉवरने पकडायचं. पकडलं तर "निगेटिव्ह" म्हणून बरोबर आकडा पुन्हा द्यायचा. बोलणाऱ्याला स्वतःचं वाक्य माहीत असतं, म्हणून परत येणारं वाक्य तो ऐकतच नाही. हे किती खरं आहे ते पहिल्या दिवशीचं ध्वनिमुद्रण लावलं की कळतं. हुशार म्हणवणारी पोरंसुद्धा सुरुवातीला निम्म्या चुका सोडून देतात.

पुढच्या आठवड्यात उलटं: टॉवरने अपेक्षा मोडायची. दहा वेळा डावीकडे वळवून अकराव्या वेळी उजवीकडे. खाली, खाली, खाली, आणि मग ‘मेंटेन’, म्हणजे आहे त्याच उंचीवर राहा. दोन विमानांची नावं मुद्दाम सारखी ठेवा, अल्फा ब्राव्हो चार्ली आणि अल्फा चार्ली ब्राव्हो, आणि बघा दुसऱ्याची सूचना कोण उचलतो ते.

सोबती निवडताना आपल्या गावाचा फायदा घ्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी, अक्कलकोटकडच्या मामाकडे कन्नड असं ज्याच्या कानावर पडलंय, असा मित्र प्रत्येकाला आहे. त्याचा हेल वेगळा, तुमचा वेगळा. एकाच हेलाच्या दोघांनी सराव केला की कान लाडावतो. आपल्या स्वतःच्या खोडीही तपासा: ‘व्हिक्टर’ आणि ‘व्हिस्की’ आपण एकाच फटक्यात म्हणतो, आणि वाक्याचा शेवट गिळतो.

तिसरा माणूस मिळाला तर आणखी एक प्रकार करा. एकाने रेडिओवर बोलायचं, दुसऱ्याने फक्त वहीत उंची मांडायची, आणि त्याला टॉवरचा आवाज ऐकू द्यायचा नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ हवेत आदळून ३४९ जण गेले. सौदी विमानाला १४ हजार फुटांची पातळी दिली होती, कझाकला १५ हजारांची. नियंत्रकाने समोरून येणाऱ्या विमानाची कल्पना दिली होती. कझाक विमान १५ हजारांवर थांबलं नाही. कझाक विमानात टॉवरशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर असायचा, विमान चालवणारे दुसरे, आणि इंग्रजी सगळ्यांचंच बेताचं. सूचना कानातून हातापर्यंत पोचता पोचता कुठे सांडते, ते या तिघांच्या खेळात दिसतं. त्या अपघातानंतर भारतात विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली.

पाचवी पायरी: संकोच सोडा

‘से अगेन’ म्हणजे आपलं सोलापुरी "काय म्हणलास बे?" रस्त्यावर आपण हे सहज म्हणतो. रेडिओवर मात्र पोरं गप्प होतात, कारण समोरचा ‘साहेब’ वाटतो. अर्धंच कळलं असेल तर अर्धंच मागा: "से अगेन हेडिंग." अंदाजाने भरून काढू नका.

याहून अवघड आहे संकटाचं बोलणं. आपल्याकडे अडचण सांगायची पद्धत म्हणजे, "जरा बघा ना, जमलं तर..." २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ आव्हियांका या कोलंबियाच्या कंपनीचं विमान इंधन संपून कोसळलं. तासाहून जास्त वेळ ते हवेत घिरट्या घालत होतं. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, "इंधन संपत आलंय" असंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ हे शब्द टॉवरच्या कानावर पडले नाहीत. न्यूयॉर्कच्या गर्दीत इंधन सगळ्यांचंच कमी होत असतं. १५८ पैकी ७३ जण गेले.

म्हणून आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणा: "मेडे, मेडे, मेडे." मग आपलं नाव, काय झालं, काय करायचा विचार आहे, कुठे आहोत, किती माणसं. इंधनासाठी वेगळी पायरी आहे: ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर चालणार नाही, आणि ‘मेडे फ्युएल’ म्हणजे संकट. पहिल्यांदा म्हणताना लाज वाटते. शेजारच्या काकू डोकावल्या तर डोकावू द्या.

परीक्षेपुरतं थोडंसं

रेडिओ बंद पडला तर ट्रान्सपॉन्डरवर ७६००, संकटात ७७००, अपहरणात ७५००. टॉवरवरून दिव्याने खुणा करतात: हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. हे पाठ करायचं, त्यात अक्कल लावायला फार जागा नाही.

वैमानिकाला रेडिओ टेलिफोनीचा परवाना लागतो. पूर्वी ही परीक्षा दूरसंचार खात्याकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ नंतर ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आली, म्हणून जुन्या पोरांच्या नोट्समधले अर्जाचे पत्ते वापरू नका. शिवाय इंग्रजीची आंतरराष्ट्रीय पातळी किमान चौथी लागते, सहापैकी. चौथी मिळाली की तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. टॉवरमध्ये बसायचं असेल तर भौतिकशास्त्र-गणित घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग, मग भारतीय विमानतळ प्राधिकरणाची भरती, आणि प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाला.

वहीत तारीख घालून रोजच्या चुका लिहा, आणि चूक कुठल्या जातीची तेही: अंक उलटला, नाव विसरलो, अपेक्षेने ऐकलं, लाजून विचारलं नाही. महिन्याने पानं चाळा. माझ्याकडच्या एका पोराच्या वहीत एकवीस चुकांपैकी चौदा ‘अंक उलटला’च्या निघाल्या. त्याने घरी फर्मान काढलं की यापुढे आकडे सुटेच बोलायचे. आता त्याची आजी दूधवाल्याला सांगते, "दोन पाच शून्य मिली," आणि तो परत म्हणाल्याशिवाय पातेलं पुढे करत नाही.